घरच्या कॉम्प्युटरच्या किल्ल्या कुणाकुणाकडे?

घराच्या किल्ल्या किती, असं कुणाही गृहिणीला झोपेतून उठवून विचारा. ती धडाधड सांगेल. एक यजमानांकडे, एक आपल्या पर्समध्ये, एक शेजारच्या काकूंकडे, एक गावाला सासूबाईंच्या ट्रंकेत, आणि कामवाल्या बाईंकडे होती ती त्यांनी काम सोडलं तेव्हा परत घेतली. पितळी डब्यातल्या गंजक्या किल्ल्या कुठल्या कुलपाच्या, हेसुद्धा तिला ठाऊक असतं. आता तिलाच विचारा, ‘‘तुमच्या कॉम्प्युटरच्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत?’’ बाई गप्प! फार तर म्हणेल, ‘‘ते आमच्या ह्यांना माहीत. नाहीतर चिरंजीवांना.’’

ह्यांना विचारलं तर ह्यांनाही नक्की सांगता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

किल्ली म्हणजे पासवर्ड, एवढंच इथं मला म्हणायचं नाही. लांब बसलेल्या माणसाला आपल्या कॉम्प्युटरचा पडदा जसाच्या तसा दिसावा, त्यानं तिकडे माउस हलवला की इकडे आपल्या पडद्यावरचा बाण हलावा, अशी सोय करणारी सॉफ्टवेअर असतात. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्रोम रिमोट डेस्कटॉप आणि विंडोजमध्ये आधीपासूनच असणारं ‘रिमोट डेस्कटॉप कनेक्शन’ ही त्यांतली नेहमीची नावं. प्रकार काही नवा नाही. २००१ साली विंडोज एक्सपीच्या प्रोफेशनल आवृत्तीत तो होताच. पण तेव्हा तो कचेऱ्यांपुरता होता. २०२० च्या टाळेबंदीत कचेरी आपल्या जेवणाच्या टेबलावर आली आणि तिच्याबरोबर ही सॉफ्टवेअरही घरात शिरली. कचेरी पुन्हा कचेरीत गेली तरी ती मात्र राहिली. प्रिंटर अडला की दुरुस्तीवाला दुकानात बसूनच नीट करतो. अमेरिकेतला मुलगा रात्री जागून आईचे फोटो लावून देतो. कुणी मैत्रीण सी. ए.कडचं टॅलीचं काम घरबसल्या करते. सोय मोठी आहे, नाही कोण म्हणतं? फक्त ही सोय करताना दर वेळी एक किल्ली तयार होते, आणि ती कुठे ठेवली हे कुणी लिहून ठेवत नाही.

घंटा की लॅच?

आपल्याकडे येणारे पाहुणे दोन तऱ्हांचे. एक घंटा वाजवतात, आपण कोण आहे ते बघतो आणि मग दार उघडतो. दुसरे लॅच उघडून थेट स्वयंपाकघरात! कॉम्प्युटरचंही अगदी असंच आहे बरं का.

एनीडेस्क उघडलं की एक लांबलचक आकडा दिसतो. तो म्हणजे आपल्या कॉम्प्युटरचा पत्ता. समोरच्यानं तो आकडा घातला की आपल्या पडद्यावर एक चौकट येते, ‘अमुक अमुक आत येऊ इच्छितो, घेऊ का?’ आपण होकार दिला तर तो येतो. ही झाली घंटा. काम संपलं, चौकट बंद केली, की पाहुणा बाहेर.

पण याच सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ‘अनअटेंडेड ॲक्सेस’ नावाची सोय असते. तिथं एकदा पासवर्ड ठरवून दिला की पुढे तुमच्या होकाराची गरजच नाही. तुम्ही भाजीला गेला असाल, कॉम्प्युटर नुसता चालू असेल, तरी पासवर्ड माहीत असलेला माणूस आत येऊ शकतो. वर त्यानं आपल्या बाजूला ‘यापुढे आपोआप आत जा’ अशी खूण केली असेल तर त्यालाही पासवर्ड पुन्हा घालावा लागत नाही. त्याच्या कॉम्प्युटरवर तुमचं नाव एका यादीत बसतं. नावावर टिचकी मारली की काम झालं! हेच ते ‘सेव्ह केलेलं कनेक्शन’. पत्ता आणि किल्ली एकत्र, एका नावाखाली.

ही यादी त्याच्याकडे असते, आपल्याकडे नव्हे. सगळी गंमत इथंच आहे.

नाशिकच्या माझ्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. प्रिंटर बिघडला म्हणून त्यांनी एका दुकानातल्या मुलाला सांगितलं. मुलगा गुणी, दहा मिनिटांत काम केलं. त्याला तीन वर्षं झाली. एके दिवशी दुपारी बाई पेन्शनचा कागद शोधत बसल्या होत्या, तर पडद्याच्या कोपऱ्यात चौकट आली आणि बाण आपोआप फिरायला लागला. बाईंनी घाबरून सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं. दुकानात फोन केला, तर जुना मुलगा नोकरी सोडून केव्हाच गेलेला. नवा मुलगा म्हणाला, ‘‘सॉरी काकू, मला दुसऱ्या गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर उघडायचा होता. यादीत चुकून तुमच्या नावावर क्लिक झालं.’’

‘‘यादीत माझं नाव कसं?’’

‘‘आहे ना, ‘काकू प्रिंटरवाल्या’. सर्वांचीच असतात. दर वेळी तुम्हाला त्रास नको म्हणून ठेवलेली असतात.’’

मुलाचा हेतू वाईट नव्हता. त्यानं काही चोरलंही नाही. पण त्या तीन वर्षांत दुकानातल्या त्या कॉम्प्युटरवर किती मुलं बसून गेली असतील, ते कुणी सांगावं? आणि त्याच कॉम्प्युटरवर बाईंचं बँकेचं काम चालायचं, ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवलेले होते. आत आलेल्या माणसाला आपण पडद्यापुढे बसल्यावर जे जे दिसतं ते सगळं दिसतं, आणि जे जे करता येतं त्यातलं बहुतेक सगळं करता येतं.

गावोगावच्या दुकानांतून अशा याद्या आहेत. शंभरदीडशे गिऱ्हाइकांची कनेक्शनं सांभाळायला एमरिमोटएनजीसारखी वेगळी सॉफ्टवेअरही मिळतात. ती सगळे पत्ते आणि पासवर्ड एका फाइलीत ठेवतात. पासवर्ड गुप्त लिपीत असतात खरे. पण एमरिमोटएनजीत वापरणाऱ्यानं स्वतःचा मुख्य पासवर्ड घातला नाही, तर ती लिपी उलगडायची किल्ली सॉफ्टवेअरबरोबर आलेलीच राहते. म्हणजे सर्वांना एकच, आणि ती काय आहे हे जाणकारांना माहीत! फाइल कुणाच्या हाती लागली तर पुढचं सांगायला नको. तेव्हा दुरुस्तीवाल्याला विचारायला हरकत नाही, ‘‘माझं नाव तुमच्या यादीत आहे का? असेल तर काढा.’’ एवढं विचारायला आपल्याला भीड वाटते. आपण विचारलं तर त्याला राग येईल, पुन्हा येणार नाही, असं मनात येतं. भीड ही भिकेची बहीण असं आपल्या आज्या उगाच नाही म्हणायच्या! आणि चांगल्या दुरुस्तीवाल्याला या प्रश्नाचा राग येत नाही, असा माझा अनुभव आहे.

किल्ल्या परत घेताना

त्यानं नाव काढलं की नाही यावर विसंबून राहायचं कारण नाही. कुलूपच बदलता येतं, आणि ते आपल्याकडे बसून.

कॉम्प्युटरवर एनीडेस्क असेल तर ते उघडा, सेटिंगमध्ये सिक्युरिटी किंवा ॲक्सेस नावाचा भाग बघा. आवृत्तीप्रमाणे जागा थोडी इकडेतिकडे होते, पण ‘अनअटेंडेड ॲक्सेस’ हे शब्द सापडतात. तिथं खूण असेल तर म्हणजे लॅचची किल्ली कुणाकडे तरी आहे. खूण काढून टाका. काही कारणानं ठेवायचीच असेल, तर पासवर्ड बदला आणि ‘क्लिअर ऑल टोकन्स’ हे बटण दाबा. कुणाकुणाच्या कॉम्प्युटरनं आपला पासवर्ड लक्षात ठेवला असेल त्या सगळ्यांच्या किल्ल्या त्यानं निकामी होतात. टीमव्ह्यूअरमध्ये ‘ईझी ॲक्सेस’ आणि ‘पर्सनल पासवर्ड’ या दोन गोष्टी तपासाव्यात. क्रोम रिमोट डेस्कटॉप हे गूगलच्या खात्यावर चालतं आणि त्याला कमीत कमी सहा आकड्यांचा पिन लागतो. तिथं ‘हा कॉम्प्युटर’ या भागात कचऱ्याच्या डब्याचं चित्र असतं, ते दाबलं की बाहेरून येणं बंद.

विंडोजची ‘होम’ आवृत्ती असेल – घरच्या लॅपटॉपवर बहुधा तीच असते – तर विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपनं तिच्यात बाहेरून येता येत नाही. तिच्यावरून दुसरीकडे जाता येतं, एवढंच. म्हणजे एक दार तरी तपासायचं वाचलं.

आपल्याला न कळत कुणी येऊन गेलं का, अशी शंका असेल तर त्याचाही माग निघतो. एनीडेस्क ‘कनेक्शन ट्रेस’ नावाच्या फाइलीत आणि टीमव्ह्यूअर ‘कनेक्शन्स इनकमिंग’ नावाच्या फाइलीत आलेल्या माणसांच्या वेळा लिहून ठेवतं. एनीडेस्कच्या नोंदीत तर प्रत्येक भेटीपुढे तुम्ही होकार देऊन तो आला, पासवर्ड घालून आला की साठवलेल्या किल्लीनं आला, हेही असतं. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला या फाइलींची नावं सांगा, ती शोधून देईल.

आणि ज्या सॉफ्टवेअरची वर्षभरात गरज पडलेली नाही ते सरळ काढून टाकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पुन्हा लागलं तर पाच मिनिटांत येतं. अधूनमधून मदत लागणाऱ्यांसाठी विंडोजमध्ये ‘क्विक असिस्ट’ असतंच. मदत करणाऱ्यानं आपल्या खात्यावरून एक कोड काढायचा, तो फोनवर आपल्याला सांगायचा, आपण तो घालून परवानगी द्यायची. कोड थोडा वेळच चालतो. काम झालं की मागे कुठलीही किल्ली उरत नाही. परदेशातल्या मुलाला हे नाव कळवून ठेवा. मात्र कोड मुलाच्या ओळखीच्या आवाजातूनच घ्यायचा; ‘‘आम्ही कंपनीतून बोलतोय’’ म्हणणाऱ्याकडून कधीही नाही.

आपण साठवलेले पासवर्ड

आतापर्यंत झालं ते आपल्याकडे येणाऱ्यांचं. आता आपण दुसरीकडे जातो त्याचं. यजमान घरून कचेरीचं काम करतात, किंवा तुम्ही स्वतः करता. रिमोट डेस्कटॉप उघडलं की कचेरीच्या कॉम्प्युटरचं नाव आधीच लिहिलेलं असतं, पासवर्डही विचारत नाही. कधीतरी ‘लक्षात ठेव’ला खूण केलेली असते, ती राहिलेली असते. त्याच लॅपटॉपवर संध्याकाळी धाकटा गेम खेळतो. त्यानं चुकून त्या नावावर टिचकी मारली तर तो थेट कचेरीत! घरातला खेळ कचेरीत गेला तर साहेब कुणाला बोलवणार, तुम्हाला की धाकट्याला?

पासवर्ड मुळीच साठवू नका, असं काही मी म्हणणार नाही. असले उपदेश कुणी पाळत नाही. दिवसातून दहा वेळा बारा अक्षरं टंकायची म्हटलं की माणूस ती चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवतो, आणि ते त्याहून वाईट. साठवा, पण कॉम्प्युटर एकाच माणसाचा असेल तरच. मुलांना विंडोजमध्ये वेगळं खातं करून द्या. एका खात्यात साठवलेले पासवर्ड दुसऱ्या खात्यात शिरणाऱ्याला वापरता येत नाहीत. आणि फोडणी टाकायला उठताना विंडोजचं चिन्ह असलेली कळ आणि एल ही दोन बटणं एकदम दाबायची, की पडदा कुलूपबंद. हाताला एकदा सवय झाली की दुधाखालचा गॅस बारीक केल्यासारखं आपोआप होतं.

साठवलेला पासवर्ड काढायचा असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ म्हणून एक जागा आहे. तिथं ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’ या भागात टी-ई-आर-एम-एस-आर-व्ही या अक्षरांनी सुरू होणारी नावं असतात. ती सगळी रिमोट डेस्कटॉपची. हवं ते उघडून ‘रिमूव्ह’ करायचं. नोकरी बदलली, सी. ए.कडचं काम सोडलं, की त्याच दिवशी हे करून टाकावं. उद्या तिकडे काही गडबड झाली तर आपल्याकडे बोट यायला नको.

इथंच दोन खुलासे करते, कारण यांवरून घराघरांतून वाद झालेले मला माहीत आहेत. पहिला, नवा लॅपटॉप घेतला की लोक जुन्यावरची रिमोट डेस्कटॉपची फाइल पेन ड्राइव्हवर घेतात आणि नव्यावर टाकतात. पत्ता येतो, पासवर्ड मात्र पुन्हा विचारतं. कुणी काही बिघडवलेलं नसतं. पासवर्ड त्या फाइलीत नसतोच, तो जुन्या लॅपटॉपवरच्या आपल्या खात्यात असतो. दुसरा, रोज लॅपटॉप उघडायला आपण चार आकड्यांचा पिन घालतो. लांबून त्या कॉम्प्युटरमध्ये शिरायला तो पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. ‘‘पिन बरोबर घातला तरी घेत नाही’’ म्हणून रात्री अकरा वाजता धुसफूस होते ती यामुळे!

साठवलं म्हणून विसरलं

पासवर्ड साठवण्यातला खरा धोका चोराचा नाही, विस्मरणाचा आहे, असं मला अलीकडे वाटू लागलं आहे. रोज आपोआप उघडतं, म्हणून तो कुणाच्याच डोक्यात राहत नाही. आणि क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये बघायला गेलं तर रिमोट डेस्कटॉपच्या पासवर्डाच्या जागी नुसते ठिपके.

एका तालुक्याच्या गावी कापडाचं दुकान असलेलं एक कुटुंब आहे. दुकानाचे हिशेब टॅलीत, आणि टॅली भाड्यानं घेतलेल्या लांबच्या सर्व्हरवर. दुकानातल्या एकाच कॉम्प्युटरवर कनेक्शन सेव्ह केलेलं. मालक सकाळी येऊन उदबत्ती लावायचे आणि त्या नावावर टिचकी मारायचे. ऐन दिवाळीच्या तोंडावर त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वहिनी दवाखान्यात आणि दुकान दिराच्या अंगावर. त्यातच तो कॉम्प्युटर बंद पडला. नवा आणला, पण कनेक्शनचा पत्ता कुणाला ठाऊक नाही, पासवर्ड तर नाहीच. सर्व्हर देणाऱ्या कंपनीत फोन केला, तर ते म्हणाले, खातं ज्यांच्या नावावर त्यांच्याच मोबाइलवर कोड येईल. मोबाइल दवाखान्यात उशाशी, त्याचंही कुलूप फक्त मालकांना माहीत. पार्टीला पैसे द्यायचे, कुणाकडून किती यायचे, सगळं त्या सर्व्हरवर. वहिनींनी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून नवऱ्याला शुद्ध येण्याची वाट पाहिली, ती नवऱ्यासाठी तर होतीच, आणि त्या आठ अक्षरांसाठीही होती. ‘‘मला माझीच लाज वाटत होती,’’ असं त्या नंतर म्हणाल्या. त्यांना लाज वाटायचं काय कारण? पासवर्ड त्यांना कुणी सांगितलाच नव्हता.

यजमान सुखरूप घरी आले. आता त्यांच्याकडे एक वही आहे.

वहीला नाकं मुरडणारे बरेच आहेत. पासवर्ड कागदावर लिहू नयेत, असं आपण सर्वांनी ऐकलेलं असतं. कचेरीतल्या टेबलाच्या खणाच्या बाबतीत ते खरंच आहे. पण घरच्या कपाटात, दागिन्यांच्या आणि विम्याच्या कागदांच्या शेजारी ठेवलेली वही लांबच्या भामट्याला दिसत नाही. स्वतःच्याच नंबरावर व्हॉट्सॲपनं पाठवलेला पासवर्ड, किंवा कॉम्प्युटरवर ‘पासवर्ड’ याच नावानं ठेवलेली फाइल, ही मात्र आत शिरलेल्याला पहिल्या पाच मिनिटांत सापडते. ज्यांना जमेल त्यांनी बिटवॉर्डन किंवा कीपाससारखं पासवर्ड सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरावं. दोन्ही फुकट मिळतात, एकच मुख्य पासवर्ड पाठ करावा लागतो. तो मात्र वहीत हवाच, नाहीतर पुन्हा तेच!

वहीत काय लिहायचं? कनेक्शनला दिलेलं नाव, त्याचा पत्ता, वापरणाऱ्याचं नाव, पासवर्ड, आणि तो शेवटचा कधी बदलला ती तारीख. ही सोय कुणी करून दिली त्याचं नाव नि फोन. कोड कुणाच्या मोबाइलवर येतो आणि तो मोबाइल उघडतो कसा, हेही. आपल्या कॉम्प्युटरमध्ये यायची परवानगी कुणाकुणाला दिली, ते शेवटच्या पानावर. परत घेतली की त्यावर काट मारायची, वाण्याच्या वहीसारखी. यजमानांच्या कचेरीचा पासवर्ड मात्र लिहू नये. तो घरचा नसतो, आणि अडचण आली तर कचेरी नवा देते.

‘‘तुला कशाला हवंय हे सगळं?’’ असं यजमान म्हणण्याचा संभव आहे. विम्याची पॉलिसी कुठे ठेवली हे जसं मला माहीत असावं लागतं तसंच हे, असं शांतपणे सांगावं. भांडायचं काम नाही. रविवारी चहाच्या वेळी वही पुढे करावी.

घरातलीच नजर

आता थोडं नाजूक बोलते. किल्ली बाहेरच्याकडेच असते असं नाही. मुलगा पुण्याला किंवा परदेशात, त्यानं आईच्या कॉम्प्युटरमध्ये कायमची सोय करून ठेवली. काळजीपोटीच केली. पण आईची पत्रं, मावशीशी केलेल्या गप्पा, बँकेतली शिल्लक हे सगळं त्याला – आणि त्याच्या खोलीत असेल त्याला – केव्हाही दिसू शकतं. मुलगा झाला म्हणून काय झालं? ‘‘बाळा, तू ये, पण घंटा वाजवून ये,’’ असं सांगायचा आईला हक्क आहे. समजूतदार मुलं उलट ओशाळतात.

याहून अवघड गोष्ट म्हणजे, काही घरांतून बायकोच्या लॅपटॉपवर तिला न सांगता अशी सोय करून ठेवलेली असते. ती कुणाला काय लिहिते, कुठे अर्ज करते, माहेरी किती पैसे पाठवते, हे पलीकडे बसून बघायचं. अशी शंका असेल, आणि घरातलं वातावरण भीतीचं असेल, तर एकदम ते सॉफ्टवेअर काढू नका. काढल्याचं समोरच्याला कळतं. आधी विश्वासातल्या माणसाच्या फोनवरून बोला. महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे. पुढचं पाऊल त्यांच्याशी बोलून मग.

फोनवरचे गोडबोले

चोरांबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण त्यांच्या गोष्टी तुम्ही ऐकलेल्या आहेत. २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेनं एनीडेस्कचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं. ग्राहकाला ते ॲप मोबाइलवर घ्यायला सांगायचं, पडद्यावरचा आकडा विचारून घ्यायचा, परवानग्या द्यायला लावायच्या, आणि मग त्याच्याच मोबाइलवरून पैसे काढायचे, असा तो डाव. ॲप खोटं नव्हे हं. तेच ॲप, तोच आकडा, जो आपण मुलाला सांगतो. सांगणारा कोण, एवढाच फरक. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, त्याही आपणच नेऊन दिलेल्या! बँक, वीज मंडळ किंवा पोलीस यांतलं कुणीही फोनवरून असं ॲप घ्यायला सांगत नाही.

तसं झालंच तर पहिली गोष्ट म्हणजे इंटरनेट बंद करा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. जितकं लवकर कळवाल तितके पैसे मध्येच अडवता येण्याची शक्यता जास्त. पासवर्ड बदलायचे तेही दुसऱ्या फोनवरूनच. ज्या पडद्याकडे चोर बघतोय त्याच पडद्यावर नवा पासवर्ड टंकून काय उपयोग?

कधी कधी चूक आपलीही नसते, दुरुस्तीवाल्याचीही नसते. २०२४ च्या फेब्रुवारीत खुद्द एनीडेस्कच्याच यंत्रणेत कुणी शिरल्याचं कंपनीनं जाहीर केलं आणि आपल्या संकेतस्थळावरच्या खात्यांचे सगळे पासवर्ड रद्द केले. तोच पासवर्ड दुसरीकडे वापरत असाल तर तिथलाही बदला, असं त्यांनी लोकांना सांगितलं. म्हणून कनेक्शनचा पासवर्ड, ईमेलचा पासवर्ड आणि बँकेचा पासवर्ड तीन वेगळे असावेत. मुलाच्या वाढदिवसाची तारीख तिन्हीकडे, ही आपली नेहमीची खोड सोडायला हवी.

एक राहिलंच. दसऱ्याच्या सुमाराला जुना लॅपटॉप देऊन नवा घ्यायची टूम निघते. जुना देण्यापूर्वी फोटो काढून घेतो तसा विंडोजच्या सेटिंगमधला ‘रिसेट धिस पीसी’ हा भाग उघडा आणि त्यात ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा. साठवलेली कनेक्शनं, पासवर्ड, सगळं त्यात जातं. एक-दोन तास लागतात, तेव्हा दुकानदाराचा माणूस दारात उभा असताना सुरू करू नका, आदल्या रात्री करा. मग नव्या लॅपटॉपवरून गूगल, टीमव्ह्यूअर वगैरे खात्यांत जाऊन तिथल्या यादीतून जुन्या लॅपटॉपचं नाव काढा, आणि वहीच्या शेवटच्या पानावर त्यापुढे तारीख घाला.